पाचारण की पाचर

माझ्या बायकोला 'अडथळा' हा शब्दच ठाऊक नाही. ती घरी शिवणकाम करते. बाही लावत असताना दार वाजलं, की सुई कापडात तशीच रुतवून उठते. कुणाच्या सुनेला रडायचं असतं, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असते, कुणाला नुसतंच येऊन बसायचं असतं. गिऱ्हाईक उद्यावर, आमचं जेवण गारढोण. मी कुरकुरलो की म्हणते, "अहो, देवाचं बोलावणं काय फक्त चर्चमध्ये येतं? दारावरही येतं." या बोलावण्याला आम्ही ख्रिस्ती लोक पाचारण म्हणतो. मी एकदा तिला सुनावलं, "पाचारण कसलं, पाचर आहे ती! माझा बेत ठरला रे ठरला, की कुणीतरी येऊन मारतंच." ती खळखळून हसली आणि दार उघडायला गेली.

मी बस डेपोत गाड्या सोडतो. वेळ झाली की शिट्टी मारायची, धावत येणाऱ्याकडे बघायचं नाही. एकासाठी थांबलं की मागच्या साऱ्या गाड्या रखडतात. आमची जोडी देवाने थट्टेच्या लहरीत जुळवली असावी.

पण त्या दिवशी थट्टा सुचत नव्हती. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही परगावी, आणि डॉक्टर म्हणत होते अवघड आहे. जावई जहाजावर. सकाळीच लेकीचा फोन आला. "आई, मला आत नेतील तेव्हा तू हवीस. आज वाटेत दुसऱ्या कुणाची आई होऊ नकोस." बायकोने शब्द दिला.

दुपारच्या गाडीसाठी पिशव्या घेऊन जिना उतरलो, तर शेवटच्या पायरीवर तळमजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर बसलेले. एकटा जीव. एक बूट पायात, एक हातात. घामाने निथळत होते आणि आम्हाला ओळखत नव्हते. रक्तातली साखर उतरली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे.

"शेजारी कुणाला तरी सांगू," मी म्हणालो.

"सगळे कामावर गेलेत हो."

"आणि आपली पोर?"

तिचे डोळे भरले, पण पिशवी तिने खाली ठेवलीच. "यांना असं टाकून गेले, तर कुठल्या तोंडाने तिच्याजवळ उभी राहू? तुम्ही तरी पुढे जा."

"तिला मी नकोय. तू हवी आहेस."

ती साखरपाणी करायला वर धावली. मी मास्तरांच्या पुतण्याला फोन लावला. तो "निघालोच" म्हणाला आणि काही केल्या येईना. मी जिन्यासमोर येरझाऱ्या घालत होतो. रविवारीच आमच्या पाळकांनी याईराची गोष्ट सांगितली होती. लेक मरणाच्या दारात म्हणून याईर येशूला घरी घेऊन निघाला, आणि वाटेत एका आजारी बाईने वस्त्राला हात लावला म्हणून येशू थांबला. तिची विचारपूस करू लागला. सगळे त्या बाईबद्दल बोलतात. शेजारी ताटकळणाऱ्या बापाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, हे कुणी विचारत नाही. मला मास्तरांचा भयंकर राग येत होता. दोन्ही हातांनी पेला धरून ते लहान मुलासारखे पीत होते, तरी येत होता.

गाडी गेली. माझ्याच डेपोतली, अगदी वेळेवर. पुतण्या आल्यावर आम्ही संध्याकाळची धरली. वाटभर ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती, आणि मी मनातल्या मनात भांडत होतो. कुणाशी, ते मलाही सांगता आलं नसतं.

पोहोचलो तेव्हा नात जन्मून पाळण्यात झोपली होती. दोघी सुखरूप होत्या. लेकीने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"खालचे मास्तर."

"वाचले?"

"हो."

तिने तोंड आमच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मला खूप भीती वाटली गं, आई."

बायकोला रडू कोसळलं. चुकलं असं म्हणेना, बरोबर केलं असंही म्हणेना. लेकीचा हात धरून बसून राहिली. मी मात्र हात धुऊन पाळण्यापाशी गेलो. दिवसभर नुसता जळत होतो, आता नातीला छातीशी धरायचं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. "कुणी आहे का? बाळाला घ्या ना जरा. मला गरगरतंय."

बायको सवयीने अर्धी उठली. लेकीने हात सोडला नाही. "आज नको ना, आई."

ती पुन्हा बसली. पण तिचा जीव त्या खाटेपाशी गेलेला मला दिसत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"तू बस," मी म्हणालो. "मी जातो."

मी ते परकं बाळ घेतलं आणि नर्सला हाका मारत राहिलो. ते रडायचं थांबेना. नातीला हातात घ्यायला मला बराच उशीर झाला.