न पेरलेल्या ज्वारीची चोरी

ती घटना आजही आठवते ती कडब्याच्या एका गंजीमुळे. आणि गंजी तर तिथे नव्हतीच.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वऱ्हाडात कापूस कमी करून ज्वारी पेरावी म्हणून सरकार एकरामागे अनुदान देत होते. अट एकच: निघालेल्या ज्वारीचा ठरलेला हिस्सा सरकारला विकायचा. मी अमरावतीजवळच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. भातकुलीकडच्या एका गावचे पाटील फिर्याद घेऊन आले. दहा एकरांतली कणसे चोरीला गेली, आता सरकारला काय देऊ? चोरही त्यांनी सोबतच आणला होता. त्यांचाच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी.

मी काही विचारण्याआधीच सालदाराने गुन्हा कबूल केला. पोलिसाला कबुली आवडते, पण इतकी घाईची नाही. कणसे कुठे विकलीस, गाडी कोणाची, सोबत कोण, सगळ्याला उत्तर एकच: "म्याच नेली, साहेब." त्याला कोठडीत ठेवून मी पंचनाम्याला निघालो.

वावर वखरून साफ केले होते. पाटलांनी सरकारी पाहणीचा अहवाल पुढे केला. पाहणीला आलेल्या साहेबांना हार घालण्यात आला होता आणि त्यांनी मोटारीतूनच पीक पाहून 'पुरुषभर उंच, उत्तम' असा शेरा दिला होता. पीक रस्त्यापासून आत कुठवर गेले आहे, हे पाहायला खाली उतरावे लागले असते.

शेजारच्या मळ्यात एक माळीणबाई वांगी तोडत होत्या. भरल्या कणसांवर थवे उतरतात. मचाण बांधून, गोफण घेऊन कोणीतरी बसावेच लागते. म्हणून विचारले, "बाई, या वावरात पाखरं कोण राखत होतं?"

त्यांनी मानही वर केली नाही. "पाखरं कायले येतीन तिथं, ठाणेदार साहेब? सरकी खायले?"

"रस्त्यावरून ज्वारी दिसत होती म्हणतात."

"दिसाले चार ओळी पेरल्या होत्या न कडेनं. अंदर सारी पऱ्हाटी. साहेब मोटारीत बसून राहिले, जवारी कडेले उभी राहिली. दोघायचंबी भागलं."

एवढ्या शब्दावर कोर्ट पाटलाला हात लावत नाही. मी थेट त्यांच्या गोठ्यामागे गेलो. चोर कणसे खुडून नेतो. ताटे मागेच राहतात आणि त्यांचा कडबा मालकाच्या बैलांना वर्षभर पुरतो. तिथे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग छपराला टेकला होता. कडब्याच्या पेंढ्या मोजक्याच.

"पाटील, दहा एकरांचा कडबा कुठं आहे?"

"तोबी त्यानंच नेला न, साहेब."

"एकट्यानं? मग त्याला कोठडीत कशाला ठेवू, कुस्तीच्या फडात पाठवतो."

पाटील हसले नाहीत.

ठाण्यात परतून मी सालदाराला म्हणालो, "कडबा सापडला नाही. आता खरं सांग. कबूल काहून केलंस?"

"झोपडी पाटलाच्या जागेत हाय. नाही म्हटलं असतं तं मोडून टाकत होते. बायको बाळंतीण हाय, साहेब. मले जेल परवडली."

खोटी फिर्याद आणि सरकारची फसवणूक, असा गुन्हा पाटलांवर दाखल झाला. सालदार सुटला, पण पायरीवरच उभा राहिला.

"घरी जा आता," मी म्हणालो.

"कोणत्या?"

याला माझ्याकडे कलम नव्हते. जबानी देऊन निघालेल्या माळीणबाईंनी टोपली डोक्यावर घेतली. "माह्या मळ्यात खोपी हाय. बायकोले घेऊन ये. वांग्यायलेबी राखण लागते."

चोरीच्या फिर्यादीत काय गेले, हे सगळेच विचारतात. मागे काय उरायला हवे होते, हे मी त्या दिवसापासून विचारू लागलो. आणि सोडलेला माणूस जाणार कुठे, हेही.