घाई सोडलेल्या सिस्टर

मोठ्या इस्पितळाच्या सर्जरी वॉर्डात सिस्टरांचं अर्धं आयुष्य गेलं. बाई हाताने चपळ, जिभेने तिखट. डॉक्टरांनी मागायच्या आत ट्रे हजर. पेशंट आला की खाटेचा नंबर, टाके निघाले की निरोप. पुढे कंबरेने दगा दिला, तेव्हा नवरा म्हणाला, "म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात नर्सची जागा आहे. तिथे निवांत असेल."

निवांत कसलं! पहिल्याच सकाळी सिस्टरांनी सवयीने सपाटा लावला. आंघोळी, गोळ्या, मलमपट्ट्या, सगळं नाश्त्याआधी फत्ते. खिडकीकडच्या खोलीत एक म्हातारे शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला. सिस्टरांनी त्यांना शर्ट चढवून भराभर बटणं लावली. मास्तरांनी डाव्या हाताने ती एकेक करून सोडली.

"हे काय हो?"

"जन्मभर लोकांच्या शर्टांना काजं केली," मास्तर अडखळत म्हणाले. "माझी बटणं मला लावू द्या."

सिस्टर मनातून चडफडल्या, पण थांबल्या. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला चहा गारढोण झाला.

घरी आल्यावर त्या नवऱ्यावर घसरल्या. "तिकडे माणसं बरी होऊन घरी जायची. इथे कुणी बरंच होत नाही. मग मी करते काय, सांगा ना!"

नवरा भाजी निवडत होता. "तुला उद्या परत बोलावलंय ना त्यांनी? मग काहीतरी करत असशील."

पुढे मास्तरांची खोली सिस्टर मुद्दाम शेवटी घेऊ लागल्या. गप्पा व्हायच्या. मास्तर त्यांच्या युनिफॉर्मची शिलाई पाहून नाक मुरडायचे. एका सकाळी मात्र शर्ट पुढे केला तरी त्यांनी हात उचलला नाही. ताप नाही, खोकला नाही, पण सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली. गृहात डॉक्टर नव्हते. त्यांनी गाडी बोलावली आणि मास्तरांना थेट आपल्या जुन्या इस्पितळात नेलं.

न्यूमोनिया निघाला. बघता बघता ऑक्सिजन, सलाईन, एक्स-रे. सगळं कसं यंत्रासारखं! सिस्टरांचे हात शिवशिवले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली इन्चार्ज होती. मास्तर सावरले आणि त्यांना घरी सोडायचा दिवस आला, तेव्हा ती म्हणाली, "वेळेवर आणलंत. ताई, परत या ना. बसून करायचं काम देते."

होकार अगदी ओठांवर आला होता. इतक्यात एका नर्सने मास्तरांना झटपट कपडे चढवले. मास्तर गाठोड्यासारखे पडून राहिले, बटणांना हातही लावला नाही. पोरीचा दोष नव्हता, चारी बाजूंनी तिला हाका चालू होत्या.

"नको गं," सिस्टर म्हणाल्या. "जीव तुम्हीच वाचवलात. पण यांना घेऊन मी आपली जाते."

मास्तर परतले, पुन्हा कुरकुरू लागले आणि काही महिन्यांनी एका दुपारी झोपेतच गेले. लांबच्या गावाहून लेक आली. सामान आवरताना तिने भीत भीत विचारलं, "शेवटी शेवटी कसे होते हो बाबा?"

वॉर्डात असत्या तर सिस्टरांनी नाडी आणि रक्तदाब सांगितला असता. इथे त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची ओढून घेतली.

"खवट होते," त्या म्हणाल्या. "माझ्या युनिफॉर्मला पोतं म्हणायचे."

लेक डोळे पुसता पुसता हसली. "माझ्या ड्रेसलाही म्हणायचे. अजून सांगा ना."

सिस्टर सांगत बसल्या.