अण्णांचं बोट

अण्णा कंपाउंडर औषधाची पुडी नुसती हातात देत नसत. समोरच्याच्या सदऱ्यावर गळ्यापासून बोट ओढत खाली न्यायचे आणि गोळी जिथे विरघळणार तिथे थांबायचे. "हितं. त्याच्या आदी न्हाई." जठर कुठे संपतं आणि आतडं कुठे सुरू होतं, हे बेलापुरातल्या निम्म्या लोकांना त्या बोटामुळे ठाऊक होतं. मी पडलो शाळामास्तर. पोरांना पचनसंस्था शिकवणाऱ्याने कंपाउंडरकडून काय शिकायचं?

शहाण्णव साली माझे गुडघे धरले. अण्णांनी गुळगुळीत गोळ्या दिल्या, बोट बेंबीपाशी थांबवलं. अख्खी गोळी माझ्या घशाखाली उतरत नाही, हे मात्र मी लाजेने सांगितलं नाही. घरी खलबत्त्यात कुटून गुळाबरोबर खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी पोट धरून दवाखान्याच्या पायरीवर.

"गुरुजी, गोळीचा रेनकोट का काढला तुमी? जठरात आंबाट पाऊस असतोय. ती आतड्यात जाऊन फुटावी म्हून घातला हुता. आता जठरालाच चावली न्हवं?" मग रांगेकडे वळून, "आन् हे पोरास्नी शिकवत्यात!"

पुढे बायकोच्या रक्तवाढीच्या गोळ्या मी मोठ्या प्रेमाने चहाबरोबर दिल्या. अण्णांनी कपाळाला हात लावला. "चहा लोहाला वाटंतच धरून बसतोय, गुरुजी. लिंबूपानी द्या वैनींना."

त्यांच्या स्वतःच्या खिशात एक बारकी बाटली असे. छातीत कळ आली की घ्यायची गोळी. "हिला पोटात धाडायची न्हाई. तिकडनं गेली तर लिव्हरच निम्म्याहून जास्त खाऊन टाकतं. जिभंखालनं थेट रगतात. माझ्यावर येळ आली तर तुमी तेवढं पानी पाजू नका, गुरुजी." रांग हसली. मीही हसलो.

वेळ आली ती बाजाराच्या दिवशी. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. अण्णा बाकावर छाती दाबून बसले होते, सदरा घामाने चिंब. मी खिशातली बाटली काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि घाबरून, सवयीने, तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. गोळ्या कुटल्या तेव्हा पायरीवर बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं. बोट उचलून ओठांवर ठेवलं. ते तिथून खाली आलं नाही. सगळा हातच निसटला.

डॉक्टरांनी आल्यावर तोंड उघडून बॅटरी मारली. "गोळी बरोबर ठेवली होती, गुरुजी," ते हळूच म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा माझं बरोबर आलं होतं. अर्धी गोळी जिभेखाली तशीच होती.