मंडळाचा बैल

मी सून होऊन अमडापूरला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. ग्रामसेविका गावोगाव फिरून बायकांना एकत्र आणत होत्या. आमच्याकडेही महिला मंडळ निघालं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची भांडी आटोपली की आम्ही मारुतीच्या देवळाच्या ओसरीत जमायचो. मी सातवी शिकलेली, म्हणून चिटणीस. अध्यक्षपद पाटलीणबाईंकडे. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, खांबाला टेकून बसायच्या आणि सभा संपली की उठायच्या. त्यांचा आवाज तिथं कुणी ऐकलाच नव्हता.

त्या उन्हाळ्यात एका सभेत शिवणाच्या वर्गाची चर्चा चालली होती. मधेच आत्याबाई उभ्या राहिल्या.

"बाजाराच्या जागेवर बैल पडून हाये. कालपासून उन्हात हाये. आधी त्याचं बोला."

बैल आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता. म्हातारा, मागच्या पायानं लंगडा. विकला गेला नाही म्हणून धनी त्याला तिथंच सोडून गेला होता.

"आत्याबाई, हे का बायाईचं काम हाये?" एक जण म्हणाली. "माणसाईले सांगा."

"माणसं पाहूनच राह्यले कालपासून. चहा पेता पेता पाहून राह्यले."

कुणीतरी हसलं. पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून चपला पायात घातल्या. "चला," एवढंच म्हणाल्या. पाटलांच्या घरची बाई बाजारातून पायी चालत गेल्याचं तोवर गावानं पाहिलं नव्हतं.

आम्ही गेलो. कुणी विहिरीवरून घागरी आणल्या, कुणी घरून गोणपाट. बैलाचं अंग तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. आत्याबाईंनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मग घमेलं पुढं धरलं. तो प्यायला, पण उठेना. आम्ही त्याच्या पोटाखालून गोणपाट सरकवले आणि दोन्ही बाजूंनी धरून उचलायला लागलो. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी माझ्या हातातून गोणपाट निसटला आणि मी मातीत बसले. समोरच्या चहाच्या हॉटेलच्या बाकावरचे लोक ओरडले, "अवो, ढोर हाये ते, पाळण्यातलं लेकरू नाही!"

"मंग या ना खाली," आत्याबाईंनी मान वर न करता म्हटलं. "जोर हाये ना तुमच्यात?"

एक जण आला. त्याच्यामागे दुसरा. मग बाकच रिकामा झाला. सगळ्यांनी मिळून जोर लावला आणि बैल थरथरत उभा राहिला. मला रडू आलं, आणि आजूबाजूला पाहिलं तर मी एकटीच रडत नव्हते.

पाटलीणबाईंनी आपला गावाच्या कडेचा रिकामा गोठा दिला. नवऱ्याला त्यांनी विचारलं की नुसतं सांगितलं, हे कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चिखलीहून एस.टी.नं ढोरांचे डॉक्टर आले. खुरात मोडलेला खिळा होता, भोवती पू झाला होता. त्यांनी तो काढला, पट्टी बांधली आणि म्हणाले, "जगेल. नांगराला मात्र चालणार नाही."

"नांगराले कोण नेऊन राह्यलं?" आत्याबाई म्हणाल्या.

मग गोठ्यात आणखी जनावरं येत गेली. आंधळी म्हैस, कुंभाराचं पाय सुजलेलं गाढव. एकदा बैलगाडीखाली सापडलेलं कुत्रं आलं, तेव्हा सभेत चांगलीच जुंपली. "कुत्र्यासाठी का मंडळ काढलं आपण?" असं दोघी-तिघी तावातावानं म्हणाल्या. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि कुत्रं राहिलं. विरोधात हात वर करणारीच पुढं त्याला भाकर घालायची. चाऱ्यासाठी ज्वारी निघाली की घरटी एक कडब्याची पेंढी घ्यायची, असं ठरलं. दारोदार फिरायला आत्याबाईच पुढं.

पोळा आला. आदल्या दिवशी आत्याबाईंनी त्या बैलाची हळद-तुपानं खांदेमळणी केली, शिंगांना हिंगूळ लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेशीबाहेर बांधलेल्या तोरणाखाली बैल जमले. बायांनी बैलाची पूजा दारात करायची, तोरणाशी जायचं नाही, ही रीत. आत्याबाई कासरा धरून सरळ तोरणाशी गेल्या. मी मागोमाग आरतीचं ताट घेऊन.

गलका थांबला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "कोनाचा बैल हाये हा?"

"मंडळाचा," आत्याबाई म्हणाल्या.

पाटील आपल्या मानाच्या जोडीजवळ उभे होते. त्यांनी गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या पाटलीणबाईंकडे पाहिलं. मग स्वतःची जोडी थोडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "या, इथं उभा करा त्याले."

"हर बोला हर हर महादेव!" अशी आरोळी झाली. तोरण तुटलं. बैल पळाले, आणि आमचा लंगडत लंगडत, पण ताठ मानेनं, त्यांच्यामागून वेशीतून आत आला. बायका दारादारांतून ओवाळायला पुढं आल्या. एवढ्या आरत्या त्या वर्षी गावातल्या दुसऱ्या कुठल्या बैलाला मिळाल्या नसतील.

मी आत्याबाईंच्या शेजारून चालत होते. त्यांच्या कपाळावर गुलाल उडाला होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. वाटेत एका पाहुण्या बाईनं मला विचारलं, "कोन हाये वो ह्या?"

"माह्या सासूबाई," मी म्हणाले, आणि ते सांगताना माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला.