लेप सुकेपर्यंत

लग्न होऊन मी धामणकर नाक्याजवळच्या घरात आले, तेव्हा सासूबाईंचा मुलतानी मातीचा धंदा नुकताच चालायला लागला होता. निजामपुऱ्यातून गोणी यायची. आतल्या खोलीत आम्ही माती फडक्यातून गाळून पुड्या बांधायचो. पावडर उडू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड मात्र भिंतीतून आत यायचीच.

माझ्या चेहऱ्यावर एकही डाग नव्हता. "मोबाईलवर दाखवायला असाच चेहरा पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. मला तेव्हा कौतुकच वाटलं. नणंदेनं गुलाबपाण्यात माती कालवून माझ्या तोंडाला लावली आणि व्हिडिओ काढला. मग ते रोजचंच झालं.

गिऱ्हाईक यायच्या वेळी मला लेप लावून पुढच्या खोलीत बसवायचे. माती सुकत आली की गाल ओढले जायचे. "बोलू नकोस वहिनी, तडे जातील," नणंद बजावायची. आलेल्या बायका माझ्यासमोर माझ्याबद्दलच बोलायच्या. लग्नाला किती दिवस झाले, अजून काही गोड बातमी नाही का. मी डोळे मिटून ऐकत राहायचे.

थंडीत माझी त्वचा कोरडी पडते. नाकाच्या कडा सोलायला लागल्या, हनुवटी चरचरायची. नवऱ्याला सांगितलं. तो गोडाऊनची शिफ्ट करून दमून आलेला. "आईला सांग ना," म्हणाला. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मातीच ती. तिनं काय होतंय? खोबरेल लाव." मी खोबरेल लावायचे आणि सकाळी पुन्हा लेप. माहेरी फोनवर मजेत आहे म्हणायचे, कारण बाजूला कोणीतरी असायचंच.

एकदा अंबाडीहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीचे ओठ फुटलेले, गालांवर कोरडे पांढुरके चट्टे. "आमची सून बघा, रोज लावते," सासूबाई म्हणाल्या. मुलगी माझ्याजवळ येऊन वाकली. "ताई, झोंबत न्हाय का?"

"झोंबतं," मी म्हणाले. "तुझी कातडी कोरडी आहे. तू नको लावूस."

लेपाचे तुकडे माझ्या मांडीवर पडले. बाई पुडी न घेताच उठल्या. त्या जिना उतरल्यावर सासूबाईंनी दार लावलं. मग म्हणाल्या, "तोंड धुऊन ये."

मोरीत मी बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. आता माहेरी पाठवतील, असं वाटलं. पाठवलं तर बरंच होईल, असंही वाटलं. पण तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नणंद लेप लावून बसायला लागली. तिचा चेहरा तेलकट, तिला माती मानवते. मला आत बसवलं. नाकातोंडाला ओढणी बांधून मी दिवसभर माती गाळते. नाकाची कातडी आता भरून आली आहे.

परवा नणंद तसाच सुकलेला लेप घेऊन आत आली आणि माझ्या शेजारी टेकली. ओठ न हलवता म्हणाली, "वहिनी, तू कशी बसायचीस गं एवढा वेळ?"

"सवय होते," मी म्हणाले. बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं.