नलूताई आणि गॅरेजमधले मोर

भांडण रंगात आलं की नलूताई समोरच्याला दहापासून उलटे आकडे म्हणायला लावायच्या. बॉयलर दुरुस्त करणारा असो, पार्किंगवरून हुज्जत घालणारा शेजारी असो, नाहीतर माझा नवरा अमोल. सगळी उमेद बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात लोकांना असेच आकडे म्हणायला लावून भूल देण्यात गेल्यामुळे, सातच्या पुढे कुणी बोलू शकतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आणि बहुतेक जण सहावर गप्प व्हायचेही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण आमच्या गल्लीत अजून कुणाचा आवाज चढला की कुणीतरी "दहा" म्हणतंच.

आम्ही पुण्याहून येऊन त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, त्या दिवशी त्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या. "कचऱ्याची हिरवी बिन या बुधवारी, काळी पुढच्या. आणि मला काकू म्हणायचं नाही," एवढं सांगून गेल्या. डबा मात्र दुसऱ्या दिवशी मागून नेला.

त्या हिवाळ्यात त्यांचे यजमान, शरदराव, झोपेतच गेले. नलूताईंनी सगळं स्वतः उरकलं. आमच्यासमोर रडल्या नाहीत. शेजाऱ्यांनी जेवण घालून दिलेली भांडी घासूनपुसून ज्याची त्याला परत केली. एडिनबराचा मुलगा, विवेक, पंधरा दिवस राहून गेला आणि फेब्रुवारी संपता संपता गल्लीत मोर आले.

कुठून आले ते कुणालाच ठाऊक नाही. कुठल्यातरी जुन्या इस्टेटीतून सुटले असावेत. तीन मोर, चार लांडोरी. छपरांवर बसायचे, गाड्यांवर चालायचे, आणि भल्या पहाटे असे ओरडायचे की कुणाचं तरी बोट दारात सापडलंय असं वाटावं. समोरचा ब्रायन मात्र खूश होता. तो त्यांना क्रीमची बिस्किटं घालायचा. "नलिनी, तुला तर अगदी घरी असल्यासारखं वाटत असेल," असं तो एकदा म्हणाला.

"ब्रायन, मी दादरची. आमच्याकडे मोर पैठणीवर असतो, आणि तिथे तो तोंड मिटून बसतो."

खरी तक्रार वेगळी होती. नलूताईंची झोप उडाली होती. डोळ्यांखाली काळं आलं, एकदा गाडी रिव्हर्स घेताना स्वतःचंच फाटक पाडलं. विवेक फोनवर घर विकण्याची भाषा करू लागला. "जन्मभर लोकांना झोपवलं गं मी," त्या मला म्हणाल्या, "आणि हे मेले माझा डोळा लागू देत नाहीत. असंच चाललं तर विवेक मला एडिनबराला नेऊन ठेवील. मला या घरातून हलायचं नाहीये."

पाडव्याला तर कहर झाला. वर्षाच्या आत सण कसा करायचा, असं मी चाचरत विचारलं, तर "ह्यांना गुढी आवडायची" म्हणून त्यांनी विषय संपवला. वॉशिंग लाइनची काठी, तिला जरीचा खण, स्लाऊच्या देशी दुकानातून मागवलेली साखरेची गाठी, आणि टोकावर लग्नातला चांदीचा गडू, लखलखीत घासलेला. मोरांचा तो माजाचा हंगाम. सगळ्यात थोराड मोराला गडूत आणखी एक मोर दिसला. तो उडाला आणि त्यानं गडूवर अशी काही झडप घातली की गुढी आडवी झाली, गडूला पोचा पडला, आणि लांडोरींनी गाठी फोडून खाल्ली. नलूताई हातात पळी घेऊन मागे धावल्या. धावता धावता इंग्रजीतून उलटे आकडे म्हणत होत्या. मोर शून्यालाही गप्प झाला नाही.

मग त्यांनी मोहीम उघडली. कौन्सिलनं हात वर केले, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. नलूताई सगळ्यांचा होकार घ्यायला दारोदार फिरल्या. वेल्समधल्या एका फार्मवाल्याला मोर न्यायला व्हॅन घेऊन यायला राजी केलं. राहता राहिला ब्रायन. पण त्याच्या हर्नियाच्या वेळी भूल नलूताईंनीच दिली होती, तेव्हा त्याला नाही म्हणणं जमेना. आदल्या संध्याकाळी त्यानं डोळे पुसत पुसत बिस्किटं टाकली आणि सगळी वरात नलूताईंच्या रिकाम्या गॅरेजमध्ये नेऊन बंद केली.

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर गॅरेजचं दार सताड उघडं. मोर ब्रायनच्या छपरावर. नलूताई पायरीवर बसलेल्या, अंगावर शरदरावांचा कोट.

"दार कुणी उघडलं?"

"मीच. अंधारात ठेवलं की ते गप्प बसतात गं. काल चिटपाखरू ओरडलं नाही. आणि मी टक्क जागी." त्यांनी कप घेतला, प्यायल्या नाहीत. "भलत्याच पेशंटला टेबलावर घेतलं होतं मी."

मी शेजारी बसले.

"हे घोरायचे. मी जन्मभर कटकट केली त्यावरून. पण घोरणं म्हणजे श्वास चालू आहे. भूल देणाऱ्याला दुसरं काय ऐकायचं असतं? ते ऐकत ऐकतच मी झोपायची. आता ऐकू येत नाही, म्हणून कान लावून पडून राहते."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मलाही आवरलं नाही. थोड्या वेळानं म्हटलं, "मी येऊ का रात्री सोबतीला?"

"तू घोरतेस?"

"नाही."

"अमोल?"

"तो घोरतो. भिंती हलतात."

"मग त्याला पाठव. बाहेरच्या खोलीत कोच आहे."

वेल्सच्या व्हॅनवाल्याला त्यांनी पोहे खायला घातले आणि रिकामा परत पाठवला. रात्री मी खरोखरच नवऱ्याच्या काखेत उशी देऊन त्याला शेजारी सोडून आले. हे पुढे कित्येक महिने चाललं. विवेकनं घर विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

पण त्या पहिल्या सकाळी मात्र मी खिडकीतून त्यांच्या घरावर नजर ठेवून होते. मोर ओरडून ओरडून दमले तरी नलूताईंचा पडदा उघडला नव्हता. ऊन चांगलं वर आल्यावर दार उघडलं, आणि नलूताई केस विस्कटलेल्या, गालावर उशीची वळी, अशा बाहेर आल्या.

"कसा होता अमोल?" मी विचारलं.

"घोरण्याची लय जरा बिघडलेली आहे," त्या जांभई देत म्हणाल्या, "पण पेशंट उत्तम."