नाहिदबीचं नाव आणि माझ्या पाठीतले धपाटे

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो! शहाद्यात आमच्या ओट्यावर बायका गोधड्या शिवायला बसल्या, की चिंध्यांबरोबर तेही जमतात. मी शाळा पाहिली नाही, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले. म्हणून कुणाचंही बोलणं तपासल्याशिवाय मानत नाही.

शेजारीण नाहिदबीचंच घ्या. एकदा फॉर्म भरणारा साहेब संशयानं म्हणाला, "नाहिद? मूळ गाव कुठलं?"

"शहादा."

"त्याच्या आधी?"

"तेना आधी मन्ही मायना पोट!"

साहेबानं खाडकन शिक्का मारला.

"नाहिद म्हणजे शुक्राची चांदणी," असं ती नेहमी सांगायची. मला पटेना. गोधडीवाल्या बाईचं नाव आणि थेट आभाळात? वाचनालय गाठलं, नावांचं जाडं पुस्तक मागितलं. तिथला माणूस म्हणतो, "आजी, नातीसाठी का?"

म्हटलं, "चौकशीसाठी!"

पुस्तकात भलतंच निघालं. चांदणी खरीच; पण त्याच्याही आधी, जुन्या इराणात ती पाण्याची देवी. मूळ नाव अनाहिता, म्हणजे निष्कलंक. तेच झिजत झिजत नाहिद झालं.

तरातरा येऊन सांगितलं, "अगं, तू तर पाण्याची देवी निघालीस!"

सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "मंग मन्हा नळले पानी का येत नही, आक्का?"

यंदा भाच्याला मुलगी झाली. सूनबाईनं फोनमधून नाव काढलं, अनाहिता! मी कान टवकारले आणि पुस्तकातली गोष्ट पदराला बांधून ठेवली. वहिनीनं सुनेला पाच वेळा विचारलं, "आपलंच ना गं हे नाव?" मग मला बाजूला घेतलं. "ताई, बाळले नाहिदबीनी गोधडी चाली. पन ती बारसाले नको. लोके काय म्हनतीन?"

भाच्याला बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. म्हटलं, "ती नही, तं मी बी नही!"

नाहिदबी आली. बसली मात्र दाराशी, चपलांजवळ. वहिनीची नजर तिच्यावरून हलेना. मी पाळण्यात वाकले, रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे सुरू केले. मी "कुर्रर्र" केलं आणि दारापर्यंत ऐकू जाईल असं नाव सांगितलं, "नाहिद!"

धपाटे थांबले.

"ताई, चुकनात तुम्ही!" वहिनी ओरडली.

"पुस्तक वाचीसन सांगी ऱ्हायनू! फोनमातलं नाव कागदवर लिखा. पाळनामातलं नाव आत्यानं!"

सूनबाई घाईघाईनं फोन चाळायला लागली. तेवढ्यात नाहिदबी चपला ओलांडून आत आली, आणि दिवसातला सगळ्यात सणसणीत धपाटा तिनंच माझ्या पाठीत घातला!